गाडी टेम्पोत चढवण्याआधी पेट्रोल मोजा

प्रति,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, फॅकल्टी ॲडव्हायझर आणि फॉर्म्युला टीमचे कॅप्टन यांस,

सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की वर्कशॉपांची शटर वर जातात, ताडपत्रीखालच्या गाड्या बाहेर येतात आणि दरवर्षी तीच दोन वाक्यं कानावर पडतात. "गाडी ओढत नाही" आणि "पेट्रोल फार पिते." फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा साधारण जानेवारीत कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. मधे दिवाळी आणि सेमिस्टरची परीक्षा. म्हणजे हातात उरतात मोजके आठवडे, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत कुणी नवा प्लेनम (इंजिनाआधीचा हवेचा डबा) प्रिंट करायला टाकतं, कुणी सायलेन्सर बदलतं, कुणी ईसीयूच (इंजिनाचा कॉम्प्युटर) दुसरा मागवतं.

शंका खऱ्या आहेत, औषध चुकीचं आहे. आमची मागणी एवढीच: जी गाडी घरच्या मैदानावर सलग 22 किलोमीटर, मधे ड्रायव्हर बदलून आणि पेट्रोल वजन करून पळालेली नाही, ती टेम्पोत चढवू नका. ती फेरी पूर्ण होईपर्यंत एकही नवा पार्ट लावू नका.

गुणांचा हिशेब तुम्हाला पाठ आहे, तरी एकदा समोर ठेवू. पारंपरिक मांडणीत 1000 पैकी 325 गुण एंड्युरन्सचे, म्हणजे सलग 22 किलोमीटरच्या फेरीचे, आणि 100 इंधन कार्यक्षमतेचे. एंड्युरन्स पूर्ण झाली नाही तर ते 100 सुद्धा गेले. बैलगाडीच्या चालीने जाऊन पेट्रोल वाचवू म्हणाल तर तेही जमत नाही, कारण सर्वात वेगवान गाडीच्या 1.333 पटीपेक्षा जास्त वेळ लागला की कार्यक्षमतेचा गुण शून्य. गाडी बऱ्यापैकी पळायला हवी आणि शेवटपर्यंत पळायला हवी.

आता कागदावरचा आकडा. बहुतेक गाड्यांत इंजिन मोटारसायकलचं असतं, म्हणून रिपोर्टांत 390 नावाच्या, प्रत्यक्षात 373 सीसीच्या मोटारसायकलचं रस्त्यावरचं ॲव्हरेज उचललेलं असतं. लिटरला 30 किलोमीटर धरले की 22 किलोमीटरला पाऊण लिटर पेट्रोल. हे कुठल्याही मेकॅनिकला पटणार नाही. ताशी 50 किलोमीटरच्या सरासरीने 22 किलोमीटरला 26 मिनिटं लागतात, म्हणजे 0.44 तास. वळणं, ब्रेक, पुन्हा पिकअप हे सगळं धरून इंजिनाने सरासरी 10 किलोवॉट दिले असं समजा. वीजबिलाच्या भाषेत हे 4.4 युनिट झाले. नीट ट्यून केलेल्या इंजिनाला युनिटमागे सुमारे 300 ग्रॅम पेट्रोल लागतं. म्हणजे 1320 ग्रॅम, पावणेदोन लिटर. तेच इंजिन रिच मॅपवर, म्हणजे ईसीयूच्या तक्त्यात पेट्रोल गरजेपेक्षा जास्त ठेवलं की, युनिटमागे 400 ग्रॅम घेतं आणि खर्च 2.3 लिटरच्या पुढे जातो. 10 किलोवॉट हे गृहीतक आहे. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या लॉगमधून काढा. पण पाऊण लिटर लिहिणाऱ्या टीमला डिझाइनचे जज दोन प्रश्नांत उघडं पाडतात, हे लक्षात असू द्या.

"20 मिलिमीटरच्या रेस्ट्रिक्टरने (हवेच्या वाटेतल्या नियमाच्या अरुंद भोकाने) पॉवर खाल्ली" ही सबब 600 सीसीच्या चार सिलिंडरवाल्यांनी द्यावी. समुद्रसपाटीला 20 मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला जास्तीत जास्त 74 ग्रॅम हवा जाते, सांगलीच्या 550 मीटर उंचीवर साधारण 70. 373 सीसीचं इंजिन 9000 आरपीएमला सरासरी 32 ग्रॅमच्या आसपास हवा मागतं. निम्मीसुद्धा नाही. अडचण वेगळीच आहे. एकच सिलिंडर असल्यामुळे ते सलग श्वास घेत नाही, क्रँकच्या दोन फेऱ्यांतून एकदा घोट घेतं. त्या घोटाच्या क्षणी मागणी सरासरीच्या जवळजवळ तिप्पट होते आणि तेवढ्यापुरतं भोक तुंबतं. हा झटका पोटात घ्यायला प्लेनम असतो. तो अर्ध्या लिटरचा केला तर वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरतं. पाच लिटरचा केला तर थ्रॉटल दाबल्यावर गाडी विचार करत बसते, कारण नियमाप्रमाणे थ्रॉटल रेस्ट्रिक्टरच्या आधी आहे आणि मधली सगळी पोकळी आधी भरावी लागते. दोन ते तीन लिटरच्या दरम्यान बहुतेकांचं भागतं. रेस्ट्रिक्टरनंतरची नळी एका बाजूने 4 ते 6 अंशांपेक्षा जास्त उघडू नका, नाहीतर हवा भिंत सोडते.

प्लेनमचे जोड मात्र तपासाच. थ्री-डी प्रिंटचा प्लेनम उन्हात आणि इंजिनाच्या उष्णतेत वाकतो आणि फ्लँजपाशी केसाएवढी फट पडते. आयडलवर इंजिन चालू ठेवून हवा घेण्याचं तोंड तळहाताने पूर्ण बंद करा. इंजिन लगेच मेलं पाहिजे. धापा टाकत चालू राहिलं तर कुठूनतरी चोरटी हवा येते आहे. तांत्रिक तपासणीत हेच करून बघतात. तिथे नापास होण्यापेक्षा इथे झालेलं बरं.

आता मूळ दुखण्याकडे, इंधनाकडे.

पंपावर मिळणारं पेट्रोल आता ई-20 आहे, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं. त्यातलं इथेनॉल आपल्याच ऊसपट्ट्यातल्या डिस्टिलऱ्यांमधून निघतं, त्यामुळे या जिल्ह्यातल्या टीमने तरी त्याचा स्वभाव ओळखावा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला 9. ई-20 ला हिशेबाने साडेतेरा. लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी. म्हणजे तेवढं जास्त पेट्रोल जाणार, त्यात ट्यूनिंगचा दोष नाही. दोष पुढे सुरू होतो.

एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं मिश्रण सांगणाऱ्या तुमच्या वाइडबँड मीटरवर दिसणारा आकडा बहुधा 14.7 च्या पट्टीवर असतो. सेन्सरला फक्त लॅम्डा कळतो, म्हणजे हवा गरजेच्या किती पट आहे ते: 1 म्हणजे बरोबर, त्याखाली पेट्रोल जास्त (रिच), त्यावर पेट्रोल कमी (लीन). मीटर त्याला 14.7 ने गुणतो आणि दाखवतो. टाकीत काहीही असलं तरी बरोबर मिश्रणाला मीटर 14.7 च दाखवणार. कुणीतरी वाचलेलं असतं की ई-20 चं प्रमाण साडेतेरा, म्हणून तो मीटरवर 13.5 येईपर्यंत पेट्रोल वाढवतो आणि सगळा मॅप लॅम्डा 0.92 वर नेऊन ठेवतो. मीटरचं सेटिंग आजच लॅम्डावर करा आणि 14.7 विसरून जा.

दुसरा फटका स्पर्धेच्या ठिकाणी बसतो. तिथलं पेट्रोल आयोजक देतात. ते ई-20 नसेल आणि तुम्ही पूर्ण थ्रॉटलला ई-20 वर लॅम्डा 0.88 लावून गेला असाल, तर तोच मॅप तिथे 0.81 वर चालेल. प्लग काळा, पिकअप मंद, पेट्रोल वाया. उलट असेल तर 0.88 चा 0.96 होतो आणि एक्झॉस्ट लालबुंद. कुठलं इंधन मिळणार हे आधी लेखी विचारा, आणि ईसीयूमध्ये सगळ्या मॅपला एकदम गुणणारा फ्यूएल ट्रिमचा आकडा कुठे आहे हे ट्यूनिंग करणाऱ्या पोराने डोळे मिटून सांगितलं पाहिजे.

उंचीचंही थोडं सांगून टाकतो. मॅप फक्त थ्रॉटल आणि आरपीएमवर असेल, हवेच्या दाबाचा सेन्सर जोडलेला नसेल, तर सांगलीहून कोइंबतूरला फरक दीड-दोन टक्क्यांचा, दुर्लक्ष केलं तरी चालेल. पण सुप्रा या दुसऱ्या विद्यार्थी स्पर्धेसाठी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर जाणाऱ्यांना चार टक्के दाट हवा मिळते आणि मॅप तेवढा लीन होतो. साताऱ्याहून निघालात तर आणखी थोडा. दाबाचा सेन्सर पाच मिनिटांत जोडता येतो, तो जोडा.

लॅम्डाचा सेन्सर चुकीचं बोलतो तेव्हा काय होतं, हेही बघा. सिंगल सिलिंडरच्या एक्झॉस्टमध्ये दाब आणि ओढ आळीपाळीने येतात. सेन्सरच्या आधीची फ्लँज किंवा स्प्रिंगचा जोड जरा ढिला असला की ओढीच्या वेळी बाहेरची हवा आत शिरते. सेन्सर म्हणतो, लीन आहे. पोरगं पेट्रोल वाढवतं. पुन्हा लीन, पुन्हा वाढवतं. शेवटी सायलेन्सरमधून काळा धूर, आणि स्क्रीनवर मात्र सगळं छान. मॅपला हात लावण्याआधी थंड इंजिन चालू करून प्रत्येक जोडाभोवती साबणाचं पाणी मारा. बुडबुडा आला की आधी गास्केट बदला.

मॅप कसा असावा? पूर्ण थ्रॉटलला 0.88 च्या आसपास ठेवा, तिथे कंजुषी केली तर पिस्टन जातो. वाचवायचं ते अर्ध्या थ्रॉटलला. 20 ते 60 टक्के थ्रॉटलच्या खान्यांत लॅम्डा 0.98 ते 1.0 करा, एंड्युरन्सचा बराच वेळ गाडी तिथेच असते. आणि थ्रॉटल सोडल्यावर इंजेक्टर बंद करणारी सोय चालू करा: थ्रॉटल 2 टक्क्यांखाली, आरपीएम 3500 च्या वर, 0.3 सेकंद उशीर. उशीर ठेवला नाही तर वळणाच्या मधोमध गाडी झटके देते, ड्रायव्हर वैतागतो आणि कुणीतरी गुपचूप ती सोयच बंद करून टाकतं. थ्रॉटल सेन्सरचा शून्य बिंदूही बघून घ्या. पाय पूर्ण सोडल्यावर स्क्रीनवर 3 टक्के दिसत असतील तर ही सोय कधीच चालू होणार नाही, आणि मग महिनाभर ॲव्हरेज का सुधारत नाही यावर मीटिंगा होतात.

मोजणीकडे येतो. एंड्युरन्सच्या आधी टाकी फिलर नेकच्या खुणेपर्यंत भरतात आणि नंतर पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरताना जेवढं लागलं तेवढं तुमच्या नावावर. टाकीच्या वरच्या कोपऱ्यात, बॅफलच्या (पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आत लावलेल्या पत्र्याच्या) पाठीमागे हवा अडकून राहिली असेल तर पहिल्यांदा भरताना टाकी भरली असं फक्त वाटतं. 22 किलोमीटर हादरे बसले की ती हवा सुटते, पातळी खाली येते, आणि इंजिनाने न जाळलेलं दोनशे-तीनशे मिली पेट्रोल तुमच्या खात्यावर पडतं. दोन-अडीच लिटरच्या खेळात हे केवढं झालं बघा. टाकीचं छत फिलरकडे चढतं हवं, आणि बॅफलच्या वरच्या कोपऱ्यांना 8 ते 10 मिलिमीटरची भोकं हवीत. तपासायला सोपं आहे: खुणेपर्यंत भरा, चौघांनी गाडीचे चारही कोपरे दहा-दहा वेळा दाबून हलवा, ढकलून एक गोल फिरवा, पुन्हा खूण बघा. पातळी हलली तर टाकी पुन्हा वेल्डिंगला. भरताना मात्र गाडी हलवायला नियमाने बंदी आहे, त्यामुळे "तिथे जरा हलवून घेऊ" हा बेत सोडा.

घरी मोजताना लिटरच्या मापावर विसंबू नका. पेट्रोल अंशामागे साधारण एक हजारांश फुगतं. चार लिटरची टाकी पंधरा अंशांनी तापली की 60 मिलीचा फरक तिथेच. पाच किलोचा, एक ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. कॅन ओतण्याआधी आणि ओतल्यानंतर वजन करा, फरक ग्रॅममध्ये वहीत लिहा, तारीख, ड्रायव्हर आणि मॅपच्या फाइलचं नाव त्याच ओळीत. लिटरच हवे असतील तर सुमारे 0.75 ने भागा. इंजिन गार झाल्यावर, उघड्यावर, अग्निशामक हातात घेतलेला एक जण शेजारी उभा असतानाच ओता.

पेट्रोल इंजिनच पितं असंही नाही. कितीतरी वेळा ब्रेक पितात. मागची बाजू जॅकवर घ्या, गिअर न्यूट्रलला टाका, चाक हाताने जोरात फिरवा आणि किती फेरे घेतं ते मोजा. आता पेडल पाच वेळा दणकून दाबा, सोडा आणि पुन्हा फिरवा. फेरे निम्म्यावर आले तर मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला मोकळीक नाही. पेडल घट्ट वाटावं म्हणून कुणीतरी रॉड पुढे आणून ठेवलेला असतो. आतला पिस्टन मिलिमीटरभर पुढेच राहतो, त्याचं रबर तेल परत जाण्याचं बारीक भोक झाकून बसतं आणि दाब अडकतो. ब्रेक तापतात, तेल फुगतं, ब्रेक आणखी धरतात. दहाव्या मिनिटाला ड्रायव्हर सांगतो की गाडी ओढत नाही, आणि सगळे लॅपटॉप उघडून मॅप बघत बसतात. उपाय फक्त पान्याचा: पुशरॉडला एक मिलिमीटर मोकळीक द्या. पावसाळाभर पडून असलेल्या गाडीत कॅलिपरच्या सरकत्या पिनाही सुकलेल्या असतात. त्या काढून पुसा आणि सिलिकॉन ग्रीस लावा.

चेन एका ठिकाणी ताठ आणि दुसरीकडे ढिली होत असेल तर मागचं स्प्रॉकेट केंद्रात बसलेलं नाही. सगळ्यात ताठ जागी 10 ते 15 मिलिमीटर झोल ठेवा. मग दर आठवड्याला एकच चाचणी: सपाट जागी ताशी 40 ला न्यूट्रल करा आणि 20 वर यायला किती सेकंद लागतात ते मोजा, दोन्ही दिशांनी. वहीत आधीच्या आठवड्यापेक्षा तीन सेकंद कमी दिसले की काहीतरी घासतंय. पैसा लागत नाही आणि डायनोला, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, जावं लागत नाही.

मोटारसायकलचं इंजिन कारमध्ये बसवताना एक गोष्ट विसरली जाते. मोटारसायकल वळणात कलते, त्यामुळे ऑइल संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळाशीच राहतं. कार कलत नाही. लांब वळणात ऑइल एका भिंतीला चढतं आणि पंप हवा ओढतो. पेट्रोलच्या टाकीतही तेच घडतं. वळणातून बाहेर पडताना इंजिन मिस मारतं, टीम म्हणते इग्निशन, आणि प्रत्यक्षात पंपाचं तोंड कोरडं पडलेलं असतं. भीतीपोटी मग दोन लिटर जादा पेट्रोल वाहून नेतात. त्यापेक्षा पंपाभोवती छोटी वाटी करा, आत येणारी झडप एकाच दिशेने उघडणारी. संपमध्येही बॅफल हवाच.

रेडिएटरमध्ये नियमाप्रमाणे नुसतं पाणीच चालतं, कूलंट नाही. पण पाणी म्हणजे बोअरचं पाणी नव्हे. त्याचा खार ॲल्युमिनियमच्या नळ्यांत कसा बसतो हे घरच्या गिझरमध्ये बघा. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरा.

गाड्या सगळ्यात जास्त मरतात त्या ड्रायव्हर बदलताना. अर्धं अंतर झालं की इंजिन बंद, तीन मिनिटांत दुसरा ड्रायव्हर आत, आणि इंजिन बाहेरच्या मदतीशिवाय चालू व्हायला हवं. त्या तीन मिनिटांत पाण्याचा पंप थांबलेला, इंजिनाची धग वर चढते आणि इंजेक्टरच्या नळीतलं पेट्रोल वाफाळतं. शिवाय गरम इंजिनाला थंडीसारखंच भरपूर पेट्रोल दिलं की प्लग ओला होतो. क्रँकिंगच्या (स्टार्ट करताना किती पेट्रोल द्यायचं त्या) तक्त्यात 90 ते 100 अंशांचे खाने कमी करा, की ऑन केल्यावर पंप तीन-चार सेकंद चालू द्या आणि मगच स्टार्टर दाबा. क्रँक होताना बॅटरी 10 व्होल्टच्या खाली जात असेल तर ती बदला. फॅन, पंप आणि ईसीयू मिळून अल्टरनेटर देतो त्यापेक्षा जास्त ओढत असतील, तर दुसऱ्या अर्ध्यात व्होल्टेज घसरतं, इंजेक्टर उशिरा उघडतो आणि इंजिन आपोआप लीन होतं. ही गरम स्टार्टची तालीम एकदा जमली म्हणून सोडू नका. सलग दहा वेळा, दहाही वेळा पहिल्या दाबात.

वजनाबद्दल थोडक्यात. रिपोर्टात 210 किलो आणि काट्यावर 250, हे कुठल्याच टीमला नवं नाही. साखर कारखान्याचा वजनकाटा इथे कामाचा नाही. ऊसवाल्यांचं त्या काट्याबद्दलचं मत बाजूला ठेवलं तरी, ट्रॉलीसाठी बनलेल्या काट्याला तुमची गाडी दिसतच नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती तोलायला वापरतात तसे चार प्लॅटफॉर्म काटे एका दिवसासाठी मागून आणा, पाण्याच्या पातळीने समतल करा आणि चारही चाकांखाली ठेवा. ड्रायव्हर आत बसलेला असावा.

विंगबद्दल (हवेच्या जोरावर गाडी जमिनीला दाबून धरणाऱ्या पंखाबद्दल) विचाराल तर, ज्या टीमने अजून 100 किलोमीटर टेस्टिंग केलेलं नाही, तिने यंदा ती काढून ठेवावी.

प्राचार्य आणि ॲडव्हायझर सरांना आणि मॅडमना वेगळी विनंती. मुलांकडे जिद्द आहे, जागा आणि वेळ नाही. सार्वजनिक रस्त्यावर ही गाडी चालवणं बेकायदा आणि धोक्याचंही. दर रविवारी सकाळी सात ते अकरा कॉलेजचं पार्किंग किंवा मैदानाभोवतीचा डांबरी भाग दोरी लावून मोकळा करून द्या. 300 मीटरचा फेरा बसला तरी 74 फेऱ्यांत 22 किलोमीटर होतात. चार अग्निशामक, झाडांच्या आणि खांबांच्या बाजूला जुने टायर, गेटवर एक सुरक्षारक्षक, आणि किल-स्विच (गाडी तात्काळ बंद करणारं बटण) कुठे आहे हे माहीत असलेला एक शिक्षक हजर हवा. परीक्षेच्या वेळापत्रकात यातले किमान पाच रविवार वाचवा. खर्चाच्या फाइलवर सही करताना नवा पार्ट कशासाठी हे विचारण्याआधी पेट्रोलची वही मागा. वहीत 22 किलोमीटरची एकही ओळ नसेल तर सही पुढच्या आठवड्यावर ढकला.

वाइडबँड मीटर, काटे आणि एखादा रविवार आम्ही देऊ, मोबदला नको. येताना गाडीबरोबर ती वही तेवढी आणा.

कळावे,
सांगली, मिरज, कुपवाड परिसरातले इंजिन ट्यूनिंग आणि मशीनशॉपवाले